बिंग म्हणजे काय?

मुलांनो, आज मी तुमच्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द अगदी लहान आहे. ओठ मिटायचे, उघडायचे आणि नाकातून जरासा आवाज काढायचा, की झाला उच्चार. म्हणा पाहू माझ्याबरोबर, 'बिंग'!

काही जण हसत आहेत. म्हणजे हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे तर! निळ्या कोल्ह्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 'पंचतंत्र' या जुन्या ग्रंथातील ती गोष्ट आहे. कुत्रे मागे लागले म्हणून एक कोल्हा रंगाऱ्याच्या घरात शिरला आणि निळीच्या पिंपात पडला. बाहेर आला तो निळाशार होऊन! रानातल्या वाघसिंहांनाही तो ओळखू आला नाही. 'देवाने मला तुमचा राजा करून पाठवले आहे,' असे त्याने सांगितले. सर्वांना ते खरे वाटले. कोल्होबांचे दिवस मजेत जाऊ लागले. पण एके रात्री लांबून कोल्हेकुई ऐकू आली. याला राहवेना. यानेही मान वर करून मोठ्याने 'कुई' केली. झाले! त्याचे बिंग फुटले.

बिंग म्हणजे लपवून ठेवलेली गोष्ट. पण कोणतीही लपवलेली गोष्ट बिंग नसते, बरे का! ताईच्या वाढदिवसाला द्यायची भेट तुम्ही कपाटात लपवून ठेवली, तर ते गुपित झाले. त्याला कोणी बिंग म्हणणार नाही. लपवण्यात काही खोटेपणा असेल, तरच ते बिंग. या शब्दाची आणखी एक गंमत आहे. मराठीत तो सहसा एकटा येत नाही. त्याच्यामागून 'फुटणे' किंवा 'बाहेर पडणे' येतेच. बिंग असते तोवर त्याचे नाव कोणी घेत नाही. ते फुटले, की मग सारे म्हणतात, 'अरे, असे बिंग होते होय!'

आता हा लहानसा शब्द बरोबर घेऊन आपण फार दूरच्या एका गावाला जाऊ.

अमेरिकेचा नकाशा पाहा. अगदी पश्चिमेला, वरच्या कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. अमेरिकेच्या राजधानीचे नावही वॉशिंग्टनच आहे. पण ते शहर पूर्वेकडे आहे. दोहोंची गल्लत करू नका. वॉशिंग्टन राज्यात सिॲटल हे समुद्राकाठचे मोठे शहर आहे. त्याच्या पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवर रेडमंड हे गाव आहे. तेथे हिवाळ्यात पाऊस पडतो. उंच उंच सूचिपर्णी झाडे आहेत. जवळच सॅमॅमिश नावाचे लांबट तळे आहे. १८७० नंतर बाहेरून आलेले शेतकरी येथे राहू लागले, तेव्हा नदीत सामन जातीचे मासे एवढे होते, की त्यांनी वस्तीला 'सामनबर्ग' हे नाव दिले. पुढे तेथे टपालकचेरी झाली, ती 'मेलरोझ' या नावाची. मग १८८३ मध्ये ल्यूक मॅकरेडमंड या रहिवाशाच्या आडनावावरून 'रेडमंड' हे नाव पडले. म्हणजे या गावाची नावे बदलण्याची सवय जुनीच म्हणायची!

१९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट ही कंपनी रेडमंडला आली. संगणकाला कामे सांगणाऱ्या आज्ञावली ही कंपनी तयार करते. तिचे मुख्य कार्यालय तेव्हापासून तेथेच आहे. तेथे काम करण्यासाठी जगातून माणसे आली. आज रेडमंडमध्ये राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी चार तरी अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. त्यांत चिनी आहेत, मेक्सिकोचे आहेत, तेलुगू, हिंदी, तमिळ बोलणारे आहेत आणि आपले मराठी बोलणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी गणपती बसतो आणि दिवाळीला चकल्याही होतात.

या कंपनीने संगणकावर माहिती शोधण्याची एक सोय केली होती. ग्रंथालयात आपण ग्रंथपालांना विचारतो, 'देवमाशावरचे पुस्तक कोठे आहे?' आणि ते चटकन कपाट दाखवतात. तसेच हे काम. अशा सोयीला शोधयंत्र म्हणतात. या शोधयंत्राला आधी 'लाइव्ह सर्च' असे दोन शब्दांचे नाव होते. कंपनीला नवे नाव हवे होते. ते लहान असावे, सहज लक्षात राहावे, लिहायला सोपे असावे आणि जगात कोठेही चालावे, अशी तिची इच्छा होती. मे २००९ मध्ये नवे नाव जाहीर झाले. कोणते, ते तुम्ही ओळखलेच असेल. बिंग!

इंग्रजी कानाला हे नाव गोड वाटते. लहानशी घंटी वाजावी तसा तो आवाज आहे. आपण नाही का घंटीला 'टिंग' वाजली म्हणत? तसेच. हरवलेली वस्तू सापडली, की आपण 'हां, सापडली!' असे ओरडतो. त्या क्षणी डोक्यात घंटी वाजते, तिचा हा आवाज, असे कंपनीच्या माणसांना वाटले.

पण समजा, साताऱ्याची एक आजी रेडमंडला लेकाकडे राहायला गेली. ती वाटाणे सोलत बसली आहे. नातू शेजारी येऊन म्हणतो, ''आजी, आमचे बाबा बिंगचे काम करतात.''

आजीच्या हातातील शेंग हातातच राहील. ''अगं बाई! कसलं बिंग? काय लपवलंय त्यानं?'' असे ती विचारील.

नातवाने खरेच सांगितले होते. आजीनेही बरोबरच ऐकले होते. तरी एकाने सांगितले एक आणि दुसरीने समजून घेतले भलतेच.

मराठी आजी घटकाभर हसेल आणि पुन्हा वाटाणे सोलू लागेल. चीनमध्ये मात्र गोष्ट एवढी साधी नव्हती. ती समजण्यासाठी आधी आपण थोडी चिनी भाषा शिकू. घाबरू नका. एकच अक्षर शिकायचे आहे.

'हो' हा शब्द घ्या. आईने विचारले, 'अभ्यास झाला का?' तुम्ही म्हणता, 'हो.' मित्र सांगतो, 'उद्या शाळेला सुट्टी आहे.' तुम्ही आवाज वर नेऊन म्हणता, 'हो?' तोच शब्द, पण सूर निराळा. आपल्या भाषेत सूर बदलला, तर आनंद, शंका, राग कळतो. शब्द मात्र तोच राहतो. 'हो' म्हणजे 'हो'च. चिनी भाषेत तसे नाही. तेथे सूर बदलला, की शब्दच बदलतो! चीनमधील शाळांतून जी चिनी भाषा शिकवतात, तिच्यात असे चार सूर आहेत.

पेटीची वरची एक पट्टी दाबून ठेवली, की स्वर न हलता सरळ चालू राहतो. तशा सरळ, उंच सुरात 'बिंग' म्हणा. हा झाला बर्फ. आता पाळण्याचा झोका खाली येऊन वर जातो ना, तसा आवाज खाली नेऊन थोडा वर आणा आणि 'बिंग' म्हणा. ही झाली पिठाची चपटी पोळी. आता कोणी रागावून 'चूप!' म्हणते, तसा वरून एकदम खाली आवाज टाका आणि 'बिंग' म्हणा. हा झाला आजार. उरलेल्या एका सुरात, म्हणजे आवाज वर चढवून म्हटलेल्या 'बिंग'चा नेहमीचा शब्द त्या भाषेत नाही.

एवढ्यावर संपले असे समजू नका. बर्फाच्याच सरळ सुरात आणखी एक 'बिंग' आहे. त्याचा अर्थ सैनिक. १९७४ मध्ये चीनमध्ये शीआन शहराजवळ काही शेतकरी विहीर खणत होते. त्यांना जमिनीत मातीची मोठी मूर्ती लागली. पुढे खोदत गेल्यावर माणसाएवढ्या उंचीचे हजारो सैनिक सापडले! चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याचे रक्षण करण्यासाठी बावीसशे वर्षांपूर्वी ते घडवून पुरले होते. चिनी लोक या मूर्तींना 'बिंग-मा-योंग' म्हणतात. बिंग म्हणजे सैनिक, मा म्हणजे घोडा आणि योंग म्हणजे थडग्यात ठेवण्याची मूर्ती. 'मा' म्हणजे घोडा ऐकून हसलात ना? चिनीत आईलाही 'मा'च म्हणतात. सूर तेवढा वेगळा. आईला हाक मारताना तेथील लहान मुलांना केवढी काळजी घ्यावी लागत असेल!

मग चिनी माणसांचा घोटाळा होत नाही का? फारसा होत नाही. बोलताना सूर असतात आणि पुढचेमागचे शब्द असतात. लिहिताना तर प्रत्येक अर्थासाठी निराळे अक्षर असते. बर्फाचे अक्षर वेगळे, पोळीचे वेगळे, आजाराचे वेगळे. पण रेडमंडहून आलेले नाव रोमन लिपीतील चार अक्षरांत लिहिलेले होते. त्यात सूर नव्हता. सूर नसलेले 'बिंग' वाचले, की एखाद्याला पोळी आठवेल, तर एखाद्याला आजार आठवेल. आजाराचे नाव असलेल्या यंत्राकडे माहिती मागायला कोण जाईल?

कंपनीने यावर चांगला उपाय केला. चीनमध्ये शोधयंत्राचे नाव तिने 'बी-यिंग' असे ठेवले. ऐकायला ते मूळ नावासारखेच वाटते. पण त्याची दोन चिनी अक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ 'नक्की उत्तर मिळेल' असा होतो. हे शब्द चिनी लोकांच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे देवळांत एक जुने वचन लिहिलेले असते. मागाल ते येथे नक्की मिळते, असा त्याचा भाव आहे. आपण 'नवसाला पावणारा देव' म्हणतो ना, तसेच. त्या वचनातील शेवटचे दोन शब्द म्हणजे 'बी-यिंग'. मला विचाराल, तर हे चिनी नाव मूळ नावापेक्षा अधिक चांगले आहे. मूळ नावात नुसता आवाज होता. येथे आवाजही आहे आणि अर्थही आहे.

आता एका लेखिकेची ओळख करून देतो. तिचे नाव बिंग शिन. ती १९०० मध्ये चीनमध्ये जन्मली आणि १९९९ मध्ये वारली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे जगली. हे तिचे टोपणनाव होते. यातले 'बिंग' म्हणजे बर्फ आणि 'शिन' म्हणजे मन. बर्फासारखे स्वच्छ मन! १९२३ मध्ये ती शिकण्यासाठी अमेरिकेला गेली. आगबोटीतून दिसणारा समुद्र, परक्या देशातील तळी, दवाखान्यात एकटीने काढलेले दिवस, आईची आठवण, हे सारे ती पत्रांतून लिहून पाठवी. ही पत्रे चीनमधील लहान मुलांसाठी होती आणि ती वर्तमानपत्रात छापून येत. पुढे त्यांचे पुस्तक झाले. चीनमधील मुले ते अजून वाचतात. आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांची 'गीतांजली'ही तिने चिनी भाषेत नेली. तेव्हा चिनी वाचकाला 'बिंग' या शब्दाने आजार आठवेल, तशी ही प्रेमळ लेखिकाही आठवेल.

मुलांनो, मराठीतील बिंग आणि चिनीतील बिंग यांचे काही नाते आहे का? मुळीच नाही. भाषांचीही माणसांसारखी कुळे असतात. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या एका कुळातील बहिणी. चिनीचे कूळ अगदी निराळे. मग दोघींकडे एकच शब्द आला कसा?

त्याचे उत्तर गणितात आहे. आपली बाराखडी आठवा. 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजने मोजली आणि प्रत्येकाची १२ रूपे धरली, तर ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ अक्षरे होतात. माणसाचे तोंड सगळीकडे सारखेच. तेच ओठ, तीच जीभ, तेच दात. त्यामुळे तोंडातून निघणारे लहान लहान आवाज काही थोडेच आहेत. इकडे जगात भाषा किती? सुमारे ७,००० आहेत! आणि प्रत्येक भाषेला आई, पाणी, भाकरी, ये, जा यांसाठी शब्द हवेतच. आवाज थोडे आणि अर्थ अगणित. मग एकच आवाज पुष्कळांच्या वाट्याला येणार, यात नवल ते काय?

हे पाहायला अमेरिकेला किंवा चीनला जायला नको. आपल्या सोलापूरला चला. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा शेजारीशेजारी नांदतात. मराठी खेड्यांतून मुले वडिलांना 'बा' म्हणत. 'माझा बा शेतावर गेलाय,' असे मूल सांगे. वारकरीही 'बा विठ्ठला' अशी हाक मारतो. कन्नड भाषेत 'बा' म्हणजे 'ये'. आता कल्पना करा. बांधावरून एका मराठी मुलाने वडिलांना हाक मारली, 'बा!' वडिलांच्या आधी शेजारचा कन्नड मुलगाच धावत आला! मराठी आणि कन्नड यांची कुळे वेगळी आहेत. पण गुजराती तर मराठीची सख्खी बहीण. तिच्यात 'बा' म्हणजे आई. कस्तुरबा गांधींना सारे जण 'बा' म्हणत, ते यामुळेच. जपानी भाषेत 'बा' म्हणजे जागा. व्हिएतनामच्या भाषेत 'बा' म्हणजे तीन. चिनीत सरळ सुरातले 'बा' म्हणजे आठ. एवढ्याशा एका अक्षरात वडील आहेत, आई आहे, ये आहे, जागा आहे, तीन आहेत आणि आठही आहेत!

रेडमंडच्या कंपनीला हा अनुभव आधीही आला होता. २००७ मध्ये तिने संगणकासाठी 'व्हिस्टा' नावाची मोठी आज्ञावली सर्वांसाठी आणली होती. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत या शब्दाचा अर्थ 'दृश्य' असा आहे. समोर दूरवर पसरलेला देखावा डोळ्यांपुढे यावा, असे हे नाव. पण युरोपच्या उत्तरेला लाटव्हिया नावाचा लहानसा देश आहे. तेथील भाषेत 'व्हिस्टा' म्हणजे कोंबडी!

आपले बिंग मात्र अजून संपलेले नाही. स्कॉटलंडमध्येही एक बिंग आहे आणि ते चक्क टेकडीएवढे आहे. तेथे एडिनबरो शहराच्या पश्चिमेला जमिनीत एक प्रकारचा दगड सापडतो. तो भट्टीत तापवला, की त्यातून तेल निघते. एकोणिसाव्या शतकात जेम्स यंग या रसायनशास्त्रज्ञाने तेल काढण्याचा हा धंदा तेथे उभा केला. त्या तेलावर दिवे जळत. तेल निघाले, की तांबूस चुरा उरे. तो गावाबाहेर नेऊन टाकत. रोज टाकता टाकता त्याच्या टेकड्या झाल्या. अशा ढिगाला स्कॉटलंडचे लोक 'बिंग' म्हणतात. फार पूर्वी उत्तरेकडून गलबते घेऊन आलेल्या लोकांच्या भाषेतला हा शब्द आहे. त्या भाषेत ढिगाला 'बिंग्र' म्हणत. हा धंदा १९६२ मध्ये बंद पडला, पण बिंगे तशीच उभी आहेत. त्यांवर गवत आणि रानफुले वाढली आहेत. 'पाच बहिणी' नावाचे पाच सुळक्यांचे एक बिंग तर आपल्याकडील किल्ल्यांप्रमाणे सरकारने जपून ठेवले आहे. पाहा कशी गंमत आहे! आपले मराठी बिंग लपवून ठेवावे लागते आणि स्कॉटलंडचे बिंग दहा गावांना दिसते.

शब्दांचे असे घोटाळे ऐकताना मजा वाटते. पण तो शब्द एखाद्याचे नाव असेल तर?

रेडमंडच्या शाळेतील एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. समजा, त्यात एक मराठी मुलगा आहे. त्याचे नाव जय. आईवडिलांनी विजयाचे नाव म्हणून ते ठेवले. रोमन लिपीत ते नाव पाहून बाई हजेरी घेताना 'जे' असे वाचतात. आणि 'जे' म्हणजे तेथील एक पक्षी! निळे अंग, काळे डोके, डोक्यावर काळा तुरा. रेडमंडच्या झाडांवर तो नेहमी दिसतो आणि कर्कश ओरडतो. जयला पक्ष्याचे नाव मिळाले, म्हणून फार बिघडले नाही. पक्षी देखणा आहे. पण त्याच्या मित्राचे नाव शाम असेल, तर? हिंदी बोलणाऱ्या मुलीला ती संध्याकाळ वाटेल. अरबी बोलणाऱ्या मुलाला सीरिया देशाचे आणि त्याच्या राजधानीचे जुने नाव आठवेल. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्या अक्षरांत 'ढोंग' असा अर्थ दिसेल. एखादा वात्रट मुलगा म्हणेल, 'हा पाहा ढोंगी आला!' त्या दिवशी शाम डबा न खाताच घरी येईल. घरी आल्यावर तो विचारील, 'आई, माझे नाव बदलता येईल का?'

आणि त्याच वर्गात एक चिनी मुलगी असेल. तिचे नाव बिंग असेल. ती आत आली, की आपला जय शामच्या कानात कुजबुजेल, 'बिंग फुटले!' दोघे खुदकन हसतील. तिला मराठी येत नाही. आपल्याला हसले, एवढेच तिला कळेल. तिच्या आईने त्या लेखिकेसारखी स्वच्छ मनाची मुलगी व्हावी म्हणून ते नाव ठेवले असेल, हे या दोघांना कसे कळणार? विचारले तरच कळेल. 'तुझ्या नावाचा अर्थ काय गं?' एवढेच विचारायचे. मग तीही विचारील, 'आणि शाम म्हणजे?' शाम सांगेल, 'सावळ्या कृष्णाचे नाव आहे ते!'

आता शेवटचे बिंग. हे खायचे आहे. तुम्ही केकवर लाल चेरी पाहिली असेल. आपल्याकडे ती पुष्कळदा चेरी नसतेच. आपले डोंगरची करवंदेच साखरेच्या पाकात मुरवून लाल केलेली असतात! खरी चेरी थंड प्रदेशात होते आणि वॉशिंग्टन राज्यात तिच्या मोठमोठ्या बागा आहेत. जून-जुलैत रेडमंडच्या बाजारात टपोऱ्या, काळसर लाल, गोड चेऱ्या येतात. त्यांच्या जातीचे नाव 'बिंग'.

शोधयंत्राशी या नावाचा काही संबंध नाही. ही जात सव्वाशेहून अधिक वर्षे जुनी आहे. रेडमंडच्या दक्षिणेला ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथे मिलवॉकी या गावी सेथ लेवेलिंग यांची फळबाग होती. या बागेत १८७५ च्या सुमारास ही नवी चेरी तयार झाली. बागेतील मजुरांचा मुकादम चिनी होता. त्याचे नाव आह बिंग. तो सहा फुटांहून उंच होता, असे सांगतात. झाडांच्या रांगा लेवेलिंग आणि तो मिळून सांभाळत. नवी चेरी धरली, तेव्हा लेवेलिंग यांनी तिला आपले नाव दिले नाही. मुकादमाचे नाव दिले.

पुढे १८८९ च्या सुमारास आह बिंग घरच्या माणसांना भेटायला चीनला गेला. पण १८८२ मध्येच अमेरिकेत एक कायदा झाला होता. चिनी मजुरांनी देशात येऊ नये, असा तो कायदा होता. १९४३ मध्ये तो रद्द झाला. पण तोवर पुष्कळ वर्षे गेली. आह बिंग आपल्या बागेत परत आला नाही. त्याचे नाव मात्र दर उन्हाळ्यात पेट्यांवर छापून बाजारात येते.

त्याच्या नावातले 'बिंग' कोणत्या सुरातले होते? चिनी अक्षरात लिहिले असते, तर वाचणाऱ्याला लगेच कळले असते. चेरीच्या पेटीवर ते चार रोमन अक्षरांत आहे आणि त्या अक्षरांवर सुराची खूण नाही. बर्फाचे, सैनिकाचे की आणखी कशाचे, ते पेटी वाचून सांगता येत नाही.